कॅम्परला लिथियम बॅटरी बसवताय? आधी या चुका टाळा

तारकर्लीला एप्रिलमधल्या एका रात्री अडीच वाजता आमच्या कॅम्परमधला (राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीतला) फ्रिज बंद पडला. आत मालवणच्या बाजारातून सकाळीच आणलेली सुरमई होती. बॅटरीचा मीटर १२.२ व्होल्ट सांगत होता, फ्रिज मात्र बॅटरी उतरल्याची खूण दाखवून गप्प बसला होता. आमची बॅटरी ट्युब्युलर होती, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते ती शिशाच्या (लेडच्या) प्लेटांची. पुण्याला परतल्यावर दुकानदार म्हणाले, "ताई, ट्युब्युलरचं आयुष्य संपलं. आता लिथियमच टाका." मी पैसे द्यायला तयारही झाले होते.

एका मित्राने मल्टिमीटर हातात दिला आणि फ्रिज चालू ठेवून दोन ठिकाणी मोजायला सांगितलं. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.२ आणि फ्रिजच्या सॉकेटवर १०.९. सव्वा व्होल्टहून जास्त वाटेतच जात होता. सात मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरची बारीक वायर आणि टोकाला खाऱ्या हवेने गंजलेलं सिगारेट-लायटरचं सॉकेट. वायर ६ चौरस मिलिमीटरची टाकली, सॉकेट बदललं, आणि तीच "संपलेली" बॅटरी पुढे दोन पावसाळे चालली.

नंतर आम्ही लिथियम बसवलंच, पण कारण वेगळं होतं. या सगळ्यात जे शिकले ते सविस्तर लिहिते आहे, कारण फोर्स ट्रॅव्हलर किंवा ईको घेऊन कॅम्पर बांधणाऱ्या बहुतेकांची सुरुवात घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीनेच होते आणि पहिली अडचण आली की सगळे हाच सल्ला देतात.

पहिली चूक: दोष वायरचा, शिक्षा बॅटरीला

बॅटरी बदलायचा विचार मनात आला की आधी तीन गोष्टी तपासा. लोड चालू असताना बॅटरीवर आणि उपकरणावर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष वायर, लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) किंवा सॉकेटमध्ये आहे. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या आम्लाची घनता बघा. पाच सेल सारखे आणि एकच खूप खाली असेल तर तो सेल गेला, बॅटरी बदलावीच लागेल. सगळेच थोडे थोडे खाली असतील तर बहुधा ती कधी पूर्ण चार्जच झालेली नाही. तिसरं, डिस्टिल्ड वॉटरची पातळी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तक्रार बॅटरीची नाही, देखभालीची आहे.

दुसरी चूक: आपण किती वीज वापरतो हे न मोजणं

बॅटरी घेताना लोक शेजारच्या कॅम्परमध्ये किती एएच (अँपिअर-तास, बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) आहे ते विचारतात. विचारायला हवं स्वतःला. आमचा हिशेब असा: ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज कोकणातल्या उन्हाळ्यात दिवसाला ४० एएचच्या आसपास घेतो, थंडीत बराच कमी. १२ व्होल्टचा पंखा दोन अँपिअरने रात्रीचे दहा तास, म्हणजे २०. दिवे पाच, मोबाइल आणि लॅपटॉप मिळून पंधरा. एकूण ८०.

आता ट्युब्युलर बघा. तिच्यावर १५० एएच लिहिलेलं असतं, पण ती टिकावी असं वाटत असेल तर अर्ध्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाती ७५. शिवाय छापलेला आकडा सावकाश, दहा-वीस तासांत उतरवल्यावर मिळणारा असतो. इन्व्हर्टरवर मिक्सर किंवा इंडक्शन लावलं की तोही घटतो. १०० एएच लिथियममधून ९० सहज वापरता येतात आणि जोरात ओढलं तरी आकडा फारसा घसरत नाही. वजनाचा फरक तर उचलताच कळतो: एक पन्नास किलोच्या पुढची, दुसरी दहा-बारा किलोची.

पण १२.८ व्होल्ट, १०० एएच म्हणजे १,२८० वॅट-तास. वीजबिलाच्या भाषेत सव्वा युनिट. घरातला एक टनाचा एसी तेवढ्यात साधारण तासभर चालतो. "लिथियम टाकलं की रात्रभर एसी" असं कोणी सांगत असेल तर त्याला युनिटमध्ये हिशेब मांडायला सांगा.

मग बदलायची कधी?

रोज दोन-तीन तास गाडी चालवून पुढच्या गावी मुक्काम करणारे, किंवा महिन्यातून एकदा शनिवार-रविवार भंडारदऱ्याला जाऊन येणारे आणि घरी आल्यावर चार्जर लावून ठेवणारे, यांनी चालू स्थितीतली लेड बॅटरी काढून टाकू नये. ती मरेपर्यंत वापरावी. लिथियम दोन-तीन पट महाग पडतं आणि त्याचे हजारो सायकल (भरणं-उतरणं) वापरायला कॅम्पर तेवढा रस्त्यावर असावा लागतो. वर्षाला वीस रात्री बाहेर राहणाऱ्याचे सायकल संपायच्या आधी गाडी विकली जाते.

फायदा होतो तो एका जागी दोन-तीन रात्री थांबून फक्त सोलरवर जगणाऱ्यांना. लेड बॅटरीचा खरा त्रास ती किती साठवते यात नाही, भरते कशी यात आहे. शेवटचे वीस टक्के भरताना ती करंट घेणं कमी कमी करत जाते आणि त्यासाठी कित्येक तास लागतात. सकाळी फ्रिज चालू, दुपारी पॅनेलवर झाडाची सावली, चार वाजता ऊन कललं. ते वीस टक्के रोज राहून जातात. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट जमतं, ते कडक होत जातं, आणि दीड-दोन वर्षांत १५० ची बॅटरी ८० ची होते. पावसाळ्यात कोकणात किंवा आंबोलीला राहणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल. लिथियमला अर्धवट राहण्याचं काही वाटत नाही. ढगांतून दहा अँपिअर आले, घेतले. सत्तर टक्क्यांवर थांबले, तरी चालतं. उलट कायम शंभर टक्क्यांवर ठेवलेलंच त्याला कमी मानवतं. माझ्या मते लिथियमकडे जाण्याचं सगळ्यात सबळ कारण हेच आहे, वजन आणि आयुष्य त्यानंतर.

तिसरी चूक: जुनी काढली, नवी ठेवली, झालं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बॅटरी म्हणजे अर्धाच खर्च, बाकीचा अर्धा तिच्या आजूबाजूचा.

घरगुती इन्व्हर्टरचा चार्जर लेडसाठी बनवलेला असतो. काही चार्जर अधूनमधून मुद्दाम १५ व्होल्टच्या पुढे जातात, प्लेटांवरचं सल्फेट झटकायला. लिथियम आयर्न फॉस्फेटचे (कॅम्परला घ्यावं ते लिथियम, सहावी चूक बघा) चार सेल मिळून १४.६ व्होल्ट ही वरची हद्द. तिच्यावर गेलं की आतलं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) बॅटरीची जोडणी तोडून टाकतं. १४.२ ते १४.४ वर थांबणारा, लिथियमचं सेटिंग असलेला चार्जर हवा. सोलर कंट्रोलरमध्येही तेच सेटिंग करा आणि इक्वलायझेशन (हेच सल्फेट झटकणं) बंद करा. तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोयही बंद करा. ती लेडसाठी असते, आणि थंडीत व्होल्टेज वर नेऊन ठेवते.

अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) मामला जास्त गंभीर आहे. लेड बॅटरी थोडी भरली की स्वतःच करंट कमी करते. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की अल्टरनेटर देईल तेवढं ते घेत राहतं. खंबाटकी घाटात ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात, इंजिन आयडलला, अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतोय आणि करंट मात्र पूर्ण. कॉइल जळण्यासाठी ही परिस्थिती पुरेशी आहे. वर चार्जिंग चालू असताना बीएमएसने मध्येच जोडणी तोडली तर व्होल्टेजची उसळी येते आणि अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेऊन बॅटरी भरणारा) हवाच. साध्या ट्रॅव्हलरसाठी ३० अँपिअरचा पुरतो. एप्रिल २०२० नंतरच्या अनेक बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वरखाली करतो, तिथे तर त्याच्याशिवाय बॅटरी नीट भरतच नाही.

जुनी लेड आणि नवी लिथियम समांतर जोडून "दोन्हींचा फायदा" घेणारेही भेटतात. दोघींचा आरामातला व्होल्टेज वेगळा असल्याने लिथियम सतत लेडला भरत बसते. करू नका. आणि इंजिनची स्टार्टर बॅटरी लेडचीच राहू द्या.

चौथी चूक: फ्यूज नंतर बघू

बॅटरीच्या प्लसपासून एक वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. शॉर्ट झालं तर लिथियम हजारो अँपिअर सोडू शकतं आणि साधा काच किंवा प्लास्टिकचा फ्यूज वितळूनही त्यातून ठिणगी चालूच राहते. क्लास टी प्रकारचा फ्यूज यासाठीच असतो. महाग आहे, तरी घ्या. १,००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ९० ते १०० अँपिअर ओढतो, त्याला ३५ चौरस मिलिमीटरची केबल लावा, आणि लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या, हातोडीने नाही. पंधरा मिनिटं लोड दिल्यावर प्रत्येक जोडावर हात ठेवा. गरम लागला तो जोड पुन्हा करा.

पाचवी चूक: थंडी आणि इंजिनची उष्णता विसरणं

मनाली-लेह रस्त्यावर सरचूला, सुमारे ४,२९० मीटर उंचीवर, उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याखाली जातो. लिथियम बॅटरी त्या थंडीत वापरता येते, पण सेल शून्य अंशाखाली असताना चार्ज केली तर लिथियम सेलमधल्या ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. क्षमता कायमची जाते, आणि पुढे आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. सकाळी सात वाजता ऊन पॅनेलवर येतं तेव्हा बॅटरी अजून रात्रीचीच थंड असते, हे लक्षात ठेवा. शून्याखाली चार्जिंग थांबवणारं बीएमएस आहे का, हे दुकानदाराकडून लेखी घ्या. बॅटरी गाडीच्या खाली लटकवण्यापेक्षा आत, पलंगाखाली ठेवा.

आपल्याकडे उलट त्रास जास्त. बहुतेक बॅटऱ्यांची चार्जिंगची वरची हद्द ४५ अंशांच्या आसपास असते आणि चंद्रपूरला मे महिन्यात बाहेरची हवाच तेवढी असते. इंजिनच्या किंवा सायलेन्सरच्या शेजारी जागा रिकामी दिसली म्हणून तिथे बॅटरी बसवू नका.

सहावी चूक: स्वस्त सेल

ई-स्कूटरच्या भंगारातल्या पॅकमधून बॅटरी बांधून देणारे आता गावोगावी आहेत. त्यातले बरेच सेल एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारचे असतात, आणि ज्या बॅटरीच्या वर आपण झोपतो तिथे मला ते नकोत. लिथियम आयर्न फॉस्फेट वेगळं. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटातल्या पाढी आणि नंजुंदस्वामी यांनी १९९७ साली हे रसायन जगापुढे मांडलं. त्यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, सेल तापला तरी तो सहज सुटत नाही, म्हणून आग भडकण्याची शक्यता बरीच कमी. लेबलवर सेलचा व्होल्टेज ३.२ असेल तर फॉस्फेट, ३.६ किंवा ३.७ असेल तर दुसरं काहीतरी.

नवी बॅटरी आणली की गॅरंटीच्या काळातच एकदा पूर्ण भरून २० अँपिअरने उतरवा. १०० एएच खरी असेल तर पाच तास चालायला हवी. साडेतीन तासांत बंद पडली तर परत करा.

बसवल्यावर येणाऱ्या अडचणी

मीटर शून्य व्होल्ट दाखवतोय: बॅटरी मेलेली नसते, बीएमएसने दार बंद केलेलं असतं. साधा चार्जर समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाही. लिथियम मोड असलेला चार्जर लावला की ती बहुधा जागी होते.

काल ७० टक्के होती, आज अचानक बंद: व्होल्टेजवरून अंदाज बांधत असाल तर हे होणारच. लिथियमचा व्होल्टेज नव्वद टक्क्यांपासून तीसपर्यंत जेमतेम काही दशांशांनी हलतो, १३.३ वरून १२.९ पर्यंत. शंट (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारं उपकरण) लावूनही हा घोळ होत असेल तर एखादी मायनस वायर शंट सोडून थेट बॅटरीला गेली आहे का बघा. आमच्या गाडीत फ्रिजचीच गेली होती.

इंडक्शन लावलं की सगळं काळोखात: १,५०० वॅट म्हणजे सव्वाशे अँपिअरच्या पुढे, आणि बॅटरीचं बीएमएस १०० चं. इथे बॅटरीचा दोष नाही, शेगडी लहान घ्या किंवा दुसरी बॅटरी जोडा.

निर्णय अजून होत नसेल तर सगळ्यात आधी फक्त शंट घ्या. तो लेड बॅटरीवरही तसाच चालतो, पुढे लिथियमला तोच लागतो. आम्ही तो जुन्या ट्युब्युलरवर लावला आणि दिवेआगरला तीन दिवस थांबलो. पहिल्या दिवशी ८३ एएच वापरले, दुसऱ्या दिवशी ७६, तिसऱ्या ढगाळ दिवशी ९१. आमचं २०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात ५५-६० परत देत होतं, ढगात वीससुद्धा नाही. परतीच्या वाटेवर माणगावला चहा घेताना मी ते आकडे वहीत लिहिले, आणि त्या आठवड्यात लिथियमची ऑर्डर दिली.