पिसं झडली म्हणून कोंबडी सागोतीत घालू नका

भातकापणी सुरू झाली की कोकणात घरोघरी तक्रार ऐकू येते: कोंबड्या अंडी घालेनात. अंगणभर पिसं पडलेली, कोंबडी अर्धी बोडकी. मग 'म्हातारी झाली' असं ठरतं आणि वडे-सागोतीचा बेत होतो. थोडं थांबा.

जूनमधला साधारण १३ तासांचा दिवस डिसेंबरात ११ तासांवर येतो. दिवस आखडू लागला की वर्षाच्या वरच्या कोंबड्या जुनी पिसं टाकतात. आधी डोकं-मान, मग अंग, शेवटी शेपूट. पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच, त्यामुळे नवी पिसं आणि अंडी दोन्ही एकदम जमत नाहीत. दोन-तीन महिने अंडी थांबतात, तुरा फिका पडतो. हा आजार नव्हे. फक्त पाठच उघडी पडली असेल तर ते कोंबड्याचं काम. शेपटीखाली पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके दिसले तर उवा झाल्यात, त्याचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून आणा. आणि अंग फुगवून खोक्यात बसून राहणारी, हात नेला की टोचणारी, ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली.

या दिवसांत नुसत्या कणी-कोंड्यावर भागत नाही. बिनमिठाचा सुका जवळा कुटून थोडा थोडा द्या; खारवलेली मासळी मात्र नको, जास्त मीठ कोंबडीला बाधतं. वाळवी मिळाली तर उत्तमच. पावसात बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड सरळ फेका, उन्हात वाळवून तिचं विष जात नाही. तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्यांचा कुटा वेगळ्या करवंटीत ठेवा, लागेल तेवढा ती खाईल. कोवळ्या पिसांच्या नळ्यांत रक्त असतं, तेव्हा उगाच धरपकड नको. खुराड्यात दिवा लावून अंडी लवकर काढण्याचा सल्ला मिळेल. दहा-बारा गावठी कोंबड्यांसाठी तो खटाटोप मला पटत नाही.

पिसं शाबूत, तुरा लालभडक, तरी अंडी नाहीत? मग आधी गवताची उडवी, लाकडांची रास, माडाच्या झावळ्यांखाली बघा. तिथेही नसतील तर चोर शोधा. साप आणि घोरपड अंडं अख्खं गिळतात, मागे काही उरत नाही. फुटकी कवचं पडलेली असतील तर मुंगूस किंवा कावळा. एका रात्रीत चार-पाच कोंबड्या मारून टाकल्या असतील तर कुत्रा किंवा मुंगूस, आणि एकच उचलून नेली असेल तर बहुधा रानमांजर किंवा कोल्हा. शेत मोकळं झालं की उंदीर घराकडे सरकतात, त्यांच्यामागून साप.

कोंबड्यांसाठी विकतात ती षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्ड जाळी घ्या, तळाशी फूटभर बाहेर वळवून मातीत पुरा. चिऱ्यांमधल्या फटी सिमेंटने बुजवा. दाराला नुसती कडी नको, खिटीही हवी. पिल्लांच्या अंगणावर जुनं मासेमारीचं जाळं ताणलं की घारी-कावळ्यांची कटकट जाते, पण ते उंचच बांधा. जमिनीलगत साप अडकून पडतात. घोरपड, मुंगूस यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा फास किंवा विष लावू नका. खुराड्यात साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा, आणि अंडी काढायला अंधारात हात घालण्याआधी बॅटरी मारून बघा.