रीफ टँकला डोसर, एटीओ लावताय? आधी या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नव्याकोऱ्या डोसिंग पंपाचा (डोसर, म्हणजे रीफ टँकमध्ये, प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, ठरलेलं द्रावण थोडं थोडं सोडणारा पंप) फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, "दादा, किती एमएल सेट करू?" मी विचारतो, तुझ्या टँकमध्ये रोज डीकेएच (अल्कलिनिटीचं, म्हणजे प्रवाळ सांगाडा बांधायला वापरतात त्या पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) किती पडतो? गप्प. टँक लावून महिना झालेला, आत चार मशरूम आणि थोडे झोआ (दगडी सांगाडा नसलेले प्रवाळ), अरे बाबा त्यांना डोसर कशाला हवाय, दर आठ-दहा दिवसांनी थोडं पाणी बदललंस तरी भागतं त्यांचं. तेवढ्या पैशात चांगलं टेस्ट किट आलं असतं.

हार्ड कोरल, म्हणजे दगडी सांगाड्याचे प्रवाळ असतील तर गोष्ट वेगळी. (इंपोर्टची कागदपत्रं बघूनच घ्या. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, मालवणहून "आठवण" म्हणून उचलून आणू नका.) पण तेव्हाही आधी चार दिवस काहीही टाकायचं नाही, रोज एकाच वेळी, एकाच किटने अल्कलिनिटी मोजायची आणि वहीत लिहायची. समजा ८.६ वरून चार दिवसांत ७ वर आली, म्हणजे रोजचे ०.४. शंभर लिटरला १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, तर दोनशे लिटरला रोज २.४ ग्रॅम. सोडा म्हणतोय, बेकिंग पावडर नाही, ती टाकलेले महाभागही भेटलेत मला. हे पंधरा दिवस हाताने करा, कंटाळा आला की मग डोसर घ्या. कॅल्शियम रोज मोजत बसू नका, १ डीकेएच खर्च होतो तेव्हा कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएम पडतं, तेवढा फरक किटवर दिसतसुद्धा नाही.

आणि आकडा कमी दिसला म्हणून एका रात्रीत वर खेचू नका. एकाने ६.८ चा १० केला, तिसऱ्या दिवशी ॲक्रोपोराची (हा फांद्यांचा हार्ड कोरल) टोकं पांढरी. मी दिवसाला अर्ध्या डीकेएचच्या वर जात नाही, लोक एकपर्यंत जातात, जावोत.

आता एटीओ, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप पाणी भरणारा पंप. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण माझं स्वतःचं तोंड पोळलंय. काल्कवासर म्हणजे शेवटी चुन्याची निवळी, पीएच बाराच्या वर (पानाला लावायचा चुना नाही, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड). उडणाऱ्या पाण्याच्या जागी तीच एटीओतून सोडली की पाणीही भरलं आणि कॅल्शियम-अल्कलिनिटीही मिळाली, दोन कामं एकात, असा माझा शॉर्टकट. वीस लिटरचा कॅन कॅबिनेटमध्ये मावेना म्हणून शेजारी स्टुलावर ठेवला. इथेच माती खाल्ली. कॅन वर, संप (टँकखालची फिल्टरची टाकी) खाली. रात्री पंप एकदा चालला, फ्लोट (पाण्याच्या पातळीवर चालणारा तरंगता स्विच) वर आला, पंप बंद झाला, पण नळी भरलेली होती, त्यामुळे सायफन लागला आणि पाणी आपलं आपण चालूच राहिलं. सकाळी आईची हाक, "अरे, तुझ्या टाकीत दूध सांडलंय का?"

संप काठोकाठ, टँकमध्ये मासे दिसेनात, पीएच पेन ९.२ दाखवतंय, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात इतके भाग मीठ) वरून ३२. मला वाटलं डीकेएच आभाळाला भिडला असेल, मोजला तर साडेपाच! सगळं पांढरं होऊन खाली बसलं होतं. एअरस्टोन लावला, दिवसभरात साठ लिटर पाणी बदललं, खारटपणा तीन दिवसांत हळूहळू वर आणला. गोगलगायी सगळ्या गेल्या, एक माँटिपोरा (हीही हार्ड कोरल) गेली. हीटरवरचा चुना अजून खरवडतोय.

तेव्हापासून कॅन जमिनीवर, संपच्या पाण्याच्या खाली. नळीचं तोंड संपच्या पाण्याच्या वर, हवेत, म्हणजे संपचं पाणीही उलटं कॅनमध्ये येत नाही. आणि कॅन पाचच लिटरचा. रोज भरावा लागतो, लोक हसतात, हसू देत. एक फ्लोट अडकला तर म्हणून वर दुसरा, कारण फ्लोटवर गोगलगाय चढून बसते हे डोळ्यांनी बघितलंय.

या निवळीची आणखी एक गंमत आहे. मे महिन्यात पंखा लावून माझं रोज चार लिटर पाणी उडतं, जुलैत जेमतेम दीड. म्हणजे पावसाळा लागला की डोस आपोआप निम्म्याच्याही खाली येतो आणि माणूस विचार करत बसतो की अल्कलिनिटी का पडतेय. जूनमध्ये पुन्हा वही काढा.

बाकीचं पटापट. डोसरची नळी दाबून दाबून चपटी होते आणि डोस गुपचूप कमी होतो, महिन्यातून एकदा औषधाच्या सिरिंजने मोजून बघा. कॅल्शियम आणि सोडा एकाच जागी, एकाच वेळी सोडू नका, पुन्हा तेच दूध. लाईट गेली की काही डोसर घड्याळ विसरतात, आल्यावर वेळ तपासा. पीएच बघून डोस ठरवू नका, तो रात्री पडतोच आणि खिडक्या बंद असल्या की आणखी पडतो. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) साध्या पाण्याने शून्यावर आणून समाधान मानू नका, ३५ पीपीटीचं द्रावण मिळतं ते घ्या. आणि सोसायटीत टँकरचं पाणी आलं त्या दिवशी आरओ-डीआय फिल्टरनंतरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) बघा, माझा एकदा ० वरून १४ वर गेला होता, फिल्टरमधलं क्षार शोषणारं रेझिन संपलेलं आणि मी मात्र अल्गीसाठी (शेवाळासाठी) लाइटला शिव्या घालत होतो.