अ‍ॅक्रिलिकच्या आकाशातले पट्टे कसे गेले

संध्याकाळच्या आकाशात निळ्याकडून नारिंगीकडे जाणारी छटा मला काही केल्या साधत नव्हती, कारण रंग एकमेकांत मिसळण्याआधीच वाळायचा आणि कॅनव्हासवर ब्रशचे पट्टे उठायचे. मी पाणी वाढवले, तर अर्धवट वाळलेला थरच उचलला गेला.

अनेक वर्षे अ‍ॅक्रिलिकमध्ये काम करणाऱ्या सरांनी एप्रिलच्या त्या दुपारी सर्वांत आधी माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला. रंगातले पाणी उडाले की पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकसारखे, कण एकमेकांना चिकटून पडदा धरतात आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावले. मग पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर अंथरून त्यांनी मला रंग ओला ठेवणारी पॅलेट (रंग मिसळायची पाटी) करायला लावली, कॅनव्हासवर पाण्याचा हलका फवारा मारला आणि रंगात किंचित रिटार्डर, म्हणजे रंगाचे वाळणे लांबवणारे द्रव्य, मिसळले. निळा आणि नारिंगी थेट भिडले की मातकट राखाडी होतो, म्हणून मध्ये पांढरट गुलाबी पट्टा ठेवला; सगळ्यांत मोलाचे मला हेच वाटले. शेवटी कोरड्या, रुंद, मऊ ब्रशने आडवे, अलगद हात फिरवले.

क्षितिजाजवळ एक रेघ उरली होती. ती दुसऱ्या दिवशी पातळ, पारदर्शक थराने झाकली.