दहा मिनिटं बुडबुडे बघण्याची नोकरी

माझ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ‘पाण्याची बाटली’ म्हणते. लोकांना चेष्टा वाटते. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात मी जुन्या तेल-वायू विहिरींची गळती तपासते. (आई अजून विचारते, “विहीर गळते म्हणजे पाणी जातं का गं?”) विहिरीत केसिंग, म्हणजे पोलादी नळ्या, एकात एक बसवलेल्या असतात. विहिरीच्या तोंडाशी बाहेरच्या केसिंगमधून व्हेंटचा, म्हणजे वायू बाहेर सोडणारा, पाइप आलेला असतो. त्याला नळी जोडायची, तिचं टोक पाण्यात जेमतेम इंचभर बुडवायचं आणि दहा मिनिटं बघत बसायचं. बुडबुडा आला, तर विहीर गळतेय.

पहिल्याच आठवड्यात मी पाच मिनिटांत उठले आणि फॉर्मवर ‘निरंक’च्या रकान्यात खूण केली. बरोबरचा म्हातारा ऑपरेटर काही बोलला नाही, नुसतं घड्याळ दाखवलं. सातव्या मिनिटाला एक बुडबुडा आला, थोड्या वेळाने दुसरा. तो फॉर्म मी फाडला. उणे पंचवीसला बाटलीतलं पाणी गोठलं, तेव्हा गाडीची काच धुवायचं निळं पाणी वापरायचं हेही त्यानेच शिकवलं.

या क्षेत्रात यायचंय म्हणणारे सगळे आधी वायू दाखवणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल विचारतात. आहेच तो भारी. किंमत लाखभर डॉलरच्या घरात. सुरू केला की आतला सेन्सर उणे दोनशेच्या आसपास थंड होईपर्यंत घरघरत बसतो, आणि मग डोळ्यांना न दिसणारा मिथेन (नैसर्गिक वायूतला मुख्य घटक) पडद्यावर धुरासारखा हलताना दिसतो. पण मागची पार्श्वभूमी वायूइतक्याच तापमानाची असली की काहीच दिसत नाही, आणि वाफ नवख्याला हमखास फसवते. तरी हे सगळं सरावाने जमतं. टाकीचं झाकण, व्हॉल्व्हचं पॅकिंग अशा ठिकाणची गळती नवं गॅस्केट टाकून किंवा पाना फिरवून थांबतेही.

विहिरीच्या आतली गळती अशी सहज थांबत नाही, कारण ती सिमेंटात असते. केसिंग आणि खडक यांच्या मधल्या जागेत सिमेंट भरतात. भरताना तिथला खोदकामात वापरलेला चिखल नीट निघाला नाही, किंवा सिमेंट आकसलं, की केसाएवढी फट राहते. गंमत म्हणजे वर येणारा वायू बरेचदा ज्या थरासाठी विहीर खोदली त्यातला नसतोच. मधल्याच एखाद्या उथळ थरातला असतो. तो थर शोधायला आवाजाचे आणि तापमानाचे लॉग, म्हणजे खोलीनुसार नोंदी, घेतात, वायूतल्या कार्बनचे समस्थानिक (वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासतात. मग त्या खोलीवर केसिंगला भोकं पाडून दाबाखाली सिमेंट घुसवायचं. फट सिमेंटच्या कणापेक्षा बारीक असली तर सिमेंट आत जातच नाही. माझ्या एका विहिरीला तिसऱ्या खेपेला यश आलं. गळती थांबल्याची खात्री पटली, की केसिंग जमिनीखाली किमान एक मीटरवर कापून झाकण बसवतात.

आणि मी पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंग करताना सिमेंटिंगचा धडा ऑप्शनला टाकला होता! तुम्ही टाकू नका. कॅमेऱ्याचा कोर्स कंपनी करून घेते. सिमेंट बाँड लॉग, म्हणजे सिमेंट केसिंगला किती घट्ट धरून आहे त्याची नोंद, वाचता येणारा उमेदवार तिला सहज मिळत नाही.

मी मूळची उरणची. मुंबई हायचा वायू तिथे किनाऱ्याला येतो. रात्री प्रकल्पाची नको असलेला वायू जाळणारी ज्योत दिसायची आणि मला वाटायचं, हेच ते प्रदूषण. आता विझलेली ज्योत दिसली की जास्त धडकी भरते. जळला तर मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो; न जळता सुटला तर वीस वर्षांच्या हिशेबात त्याच्या ऐंशीपट उष्णता धरतो.

नाकावर भरवसा ठेवू नका. मिथेनला वास नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्याचा वास असतो खरा, पण शंभरेक पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग) नाकच मरतं. त्याच्या सुरक्षेचा एक दिवसाचा कोर्स इथे आल्या आल्या करा, त्याशिवाय साइटवर कुणी उभं करत नाही.

पैशाचंही सांगते. 2020 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने विहिरी बंद करायला 1.7 अब्ज डॉलर जाहीर केले, त्यातले एक अब्ज अल्बर्टाला. तेव्हा भरती जोरात होती. निधी संपल्यावर हात आखडले. म्हणून फक्त विहिरी बुजवण्याच्या कामावर विसंबू नका, चालू प्लांटची गळती-तपासणीही शिकून ठेवा.

गाडी खडीच्या रस्त्यावर चालवता आली पाहिजे. विहिरी शेतात असतात, आणि शेताचं फाटक जसं सापडेल तसंच ठेवून यायचं: उघडं तर उघडं, बंद तर बंद. एकदा मी विसरले. अख्खी दुपार मी आणि तो म्हातारा ऑपरेटर परक्याच्या गाई वळत होतो. त्या दिवशीच्या अहवालात तपासलेल्या विहिरी: दोन.