फक्त जाहिरातींवर चालणाऱ्या ब्लॉगला दुसरी कमाई कशी जोडायची

सायकल दुरुस्तीवरचा माझा ब्लॉग कित्येक वर्षं फक्त ॲडसेन्सवर, म्हणजे गूगलच्या जाहिरातींवर चालला, चालतंय ना, मग कशाला हात लावा म्हणून दुसरीकडे बघितलंच नाही. मग एका महिन्यात सर्चमधून येणारे लोक निम्म्यावर आले आणि पैसे पण निम्म्यावर. घाईघाईत दुसऱ्या नेटवर्कच्या जाहिराती लावल्या, पण दोन्हीकडचे पैसे त्याच सर्चमधून येणाऱ्या लोकांवर अवलंबून, त्यामुळे फरक काहीच पडला नाही. कमाईचा दुसरा मार्ग म्हणजे ज्याची मुळं दुसरीकडे आहेत तो, एवढं मला तेव्हा कळलं.

म्हणून आधी एक शीट उघडा आणि मागच्या 12 महिन्यांचे पैसे तीन रकान्यांत मांडा. पैसा कशातून आला, तो वाचक कुठून आला, आणि हे उद्या बंद करणं कोणाच्या हातात आहे. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे एकच नाव आलं तर तिथूनच कामाला लागा.

मग सगळ्यात जास्त वाचले जाणारे 10 लेख काढा आणि प्रत्येकाला विचारा, हे वाचून झाल्यावर माणूस पुढे काय करतो? माझ्याकडे ‘चेन सारखी उतरते’ हा लेख जोरात चालतो. तो वाचणाऱ्याला चेन किती झिजलीय ते मोजायला चेन चेकर लागतो, तिथे ॲफिलिएट लिंक शोभते, म्हणजे जिच्यावरून कोणी वस्तू घेतली तर आपल्याला कमिशन मिळतं ती लिंक. पण खरी अडचण वेगळीच असते, हात ग्रीसने माखलेले, मोबाइलची स्क्रीन सारखी बंद होते, आणि डिरेलरवरचा (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) एच लिहिलेला स्क्रू आधी फिरवायचा की एल लिहिलेला ते आठवत नाही. त्याच्यासाठी मी प्रिंट काढून भिंतीला लावता येईल अशी पीडीएफ केली आणि लेखाच्या शेवटी विकायला ठेवली. मोठा कोर्स आधी करत बसू नका, महिने जातात आणि घेणारा आहे की नाही तेच माहीत नसतं.

ॲफिलिएटची भिस्तपण एकाच दुकानावर नको. ॲमेझॉनने एप्रिल 2020 मध्ये बऱ्याच वस्तूंचं कमिशन एकदम कापलं, फर्निचरचं 8 टक्क्यांवरून 3 वर आणलं. शिवाय तिथे क्लिकनंतर साधारण 24 तासच मिळतात, तेवढ्यात वस्तू कार्टमध्ये गेली नाही तर आपल्याला काही नाही. वस्तू बनवणाऱ्यांचे स्वतःचे प्रोग्रॅम असतात, तिथे मुदत बरेचदा जास्त असते, तेही बघा. लिंकमधून कमिशन मिळतं हे लिंकच्या आधीच स्पष्ट लिहा आणि लिंकच्या कोडमध्ये स्पॉन्सर्ड टॅग (rel="sponsored") लावा, म्हणजे ही पैशांची लिंक आहे हे सर्चला कळतं, गूगलने तो 2019 मध्ये त्यासाठीच आणला.

आता ईमेल लिस्ट, आणि हे आजच सुरू करा, अगदी 5 लोक आले तरी. सर्च बदललं, सोशल मीडियावरचं अकाउंट गेलं तरी पत्त्यांची फाइल आपल्याकडे राहते, फक्त दर महिन्याला डाउनलोड करून ठेवायची. पुढे पैसे देऊन वाचणारे तयार झाले तर पेड न्यूजलेटर काढता येतं, सबस्टॅकसारखा प्लॅटफॉर्म त्यातले 10 टक्के घेतो, वर पेमेंटचा खर्च वेगळा.

स्पॉन्सरशिप घ्यायची तर ठरावीक रक्कम घ्या, आणि स्वतः वापरली नाही अशी वस्तू अजिबात नको, वाचकाला लगेच कळतं.

हे सगळं एकदम करू नका. एका वेळी एकच मार्ग, त्याला 3 महिने द्या, आणि पैसे हातात कधी येतात तेही शीटमध्ये लिहा, कारण ॲडसेन्स 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे सोडत नाही. आकडे समोर असले की निर्णय सोपा होतो. चेनच्या लेखावर पीडीएफचे पैसे जाहिरातींपेक्षा जास्त यायला लागले तेव्हा मी तिथली मधली जाहिरात काढून टाकली, ती नेमकी स्क्रूच्या दोन फोटोंच्या मध्ये यायची.