‘थई जशे’ म्हणण्याआधी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नव्याने सुपरवायझर झालेलं दांडिया बाजारच्या मराठी वस्तीतलं एखादं पोरगं भेटलं, की मी आधी एकच विचारतो: गेल्या आठवड्यात ‘थई जशे’, म्हणजे ‘होऊन जाईल’, किती वेळा म्हणालास? ते हसतं. मीही हसायचो.

बाकीचं तुम्हाला ठाऊकच आहे. चारचौघांत ओरडू नये, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवू नये, वयाने मोठ्या कारागिराला ‘तुं’ नाही, ‘तमे’ म्हणावं. त्यात थोडंफार चुकलं तरी सावरता येतं. माझा पाय अडकला तो या दोन गोड शब्दांत. आपलं मराठी ‘बघतो’ त्याच जातीचं. म्हणणाऱ्याला वाटतं आपण काहीच कबूल केलं नाही, आणि ऐकणारा घरी जाऊन सांगतो, साहेब हो म्हणाले.

ट्रान्सफॉर्मरचा कारखाना, तारेची कॉइल गुंडाळण्याचं वाइंडिंग शॉप, सुपरवायझर म्हणून माझं पहिलं वर्ष. एचव्ही, म्हणजे उच्च दाबाच्या, कॉइलवर सगळ्यांत सफाईदार हात कवांटकडच्या एका राठवा आदिवासी कारागिराचा. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या आठवड्यात चहाच्या वेळी त्याने विचारलं, “साहेब, होळीमां पांच दहाडा मळशे?” होळीला पाच दिवस रजा मिळेल का? छोटाउदेपूर-दाहोदकडच्या माणसाला होळी म्हणजे काय, हे जन्म बडोद्यात गेलेल्या मला कळायला हवं होतं. मुंबई-सुरतेला गेलेली माणसंसुद्धा तेव्हा गावी परततात, आणि मागोमाग कवांटचा मेळा. मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालो, “थई जशे.”

आता नीट बघा माझं काय चुकलं, कारण सगळे इथेच घसरतात. रजा मंजूर करणं माझ्या हातात नव्हतं. होळी बहुतेक मार्चमध्ये येते आणि मार्चएंडला आमचा निम्मा माल निघतो, हे मला माहीत होतं. त्याच्या खात्यावर वीस दिवसांना एक या हिशेबाने हक्काची रजा जमलेली होती. तेव्हाच्या कायद्याने अर्ज पंधरा दिवस आधी लागायचा, त्याने दोन महिने आधी विचारलं. म्हणजे तो शंभर टक्के बरोबर होता. मी फक्त एक अवघड मिनिट टाळलं. मालकांकडे विषयच काढला नाही. होळीच्या तीन दिवस आधी काढला, तेव्हा इन्स्पेक्शनची तारीख पडली होती आणि उत्तर यायचं तेच आलं.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. “सारु, साहेब,” एवढंच म्हणाला आणि मशीनवर बसला.

त्यानंतर शॉपमध्ये एक वेगळीच शांतता आली. आधी तो उठून सांगायला यायचा: या बॉबिनच्या तारेचं इनॅमल खरवडलंय, हा पेपर ओलसर लागतोय. ते बंद झालं. मला वाटलं, वा, शॉप शिस्तीत चाललंय! एप्रिलच्या शेवटी रेशो टेस्टला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कॉइलच्या वेढ्यांचं गुणोत्तर तपासताना, एका फेजवर 44 यायला हवं तिथे 44.31 आलं. मुभा अर्ध्या टक्क्याची, म्हणजे वर 44.22 पर्यंत. हिशेब मांडला तर एचव्हीचे 3520 च्या जागी 3545 टर्न, म्हणजे वेढे. तेलाच्या टाकीत उतरवण्याआधी पकडलं म्हणून निभावलं, तरी वरच्या योकच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या वरच्या पट्टीच्या, पत्त्या एकेक उपसून कॉइल काढावी लागली. मशीनचा टर्न काउंटर घसरत होता, वेढे कमी दाखवत होता. त्याला ते माहीत होतं का, विचारलं. म्हणाला, “तमे पूछ्युं नहोतुं.” तुम्ही विचारलंच नव्हतं.

रेशो टेस्ट मला बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकवली होती. वेळेवर ‘नाही’ कसं म्हणायचं, हे तिथे 1890 पासून कुणी शिकवलेलं दिसत नाही.

सल्ले भरपूर मिळाले. एका वरिष्ठांनी सांगितलं, “कामगारांपासून अंतर ठेव, आपोआप मान देतील.” असे गुरू प्रत्येक कारखान्यात एक तरी असतात. त्यांच्या शॉपमधली खरी बातमी त्यांना सगळ्यांत शेवटी कळते. दुसऱ्याने सुचवलं, सगळ्यांना सेव-उसळ खाऊ घाल. घातली. पोट भरलं त्यांचं, बाकी काही नाही. असले झटपट उपाय मला आता बघवत नाहीत.

उपयोगी पडलं ते कंटाळवाणं होतं. त्याच्या मशीनपाशी गेलो, शेजारचे दोघे ऐकत असताना म्हणालो, चूक माझी, मी मालकांना विचारलंच नव्हतं. ‘ऑर्डरच तशी होती’ हे जिभेवर आलेलं गिळलं. तुम्हीही गिळा. ते वाक्य खरं असलं तरी माफी वाया घालवतं. मग खिशात छोटी वही ठेवली. कुणी काही मागितलं की त्याच्यासमोर लिहायचं आणि उत्तराचा वार सांगायचा. शुक्रवार म्हटलं तर शुक्रवारी, उत्तर ‘ना’ असलं तरीही. किंबहुना ‘ना’ असेल तर सकाळीच.

पहिले काही महिने काही फरक दिसणार नाही. घाबरू नका. लोक लगेच विसरत नाहीत, पण कायमचं धरूनही बसत नाहीत. तेही रोज आठ तास त्याच छपराखाली असतात, त्यांनाही सुखाने काम करायचं असतं. पण त्या काळात एक शुक्रवार चुकवलात, तर पुन्हा पहिल्या पायरीवर. माझा दोनदा चुकला.

पुढच्या वर्षी होळीची रजा मी डिसेंबरातच मालकांकडून लिहून घेतली. तो मेळा करून परत आला, आणि दोन-तीन दिवसांनी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, “साहेब, काउंटर पाछुं स्लिप मारे छे.” मी हातातला चहा ठेवून धावलोच.

रजेचा अर्ज मात्र तो अजून दोन प्रतींत आणतो. एकीवर माझी सही घेतो, घडी घालतो आणि आपल्या खिशात ठेवतो.