सॅनमध्ये कमांड अडकली कुठे, ते शोधताना

'स्टोरेज स्लो आहे' अशी तक्रार आली की स्टोरेजवाला स्विचकडे बोट दाखवतो आणि स्विचवाला सर्व्हरकडे. फायबर चॅनेलच्या सॅनमध्ये (सर्व्हरना स्टोरेजशी जोडणाऱ्या नेटवर्कमध्ये) कमांड, म्हणजे सर्व्हरची वाचा-लिहायची मागणी, तीनच ठिकाणी ताटकळते: होस्टच्या (म्हणजे सर्व्हरच्या) रांगेत, वाटेतल्या पोर्टवर किंवा स्टोरेजच्या कंट्रोलरमध्ये. तिन्हीकडे मोजल्याशिवाय कुणावर खापर फोडू नये. खाली टाइप करायला दिलेल्या कमांड लिनक्स होस्ट आणि ब्रोकेड स्विचच्या आहेत. नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

आधी घड्याळं जुळवा. होस्ट, दोन्ही फॅब्रिकचे (स्विचच्या स्वतंत्र जाळ्यांचे) स्विच आणि स्टोरेज एकाच एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरवर हवेत. स्टोरेजचा लॉग यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असेल तर दुपारी 2.30 ची घटना तिथे सकाळी 9 ला सापडते. तिथेही 2.30 लाच शोधत बसलात, तर हाती लागेल रात्री 8 चा बॅकअप.

होस्टवर 'मल्टिपाथ -एलएल' चालवून त्या लनचे (स्टोरेजने होस्टला दिलेल्या डिस्कचे) सगळे पाथ, म्हणजे तिथे पोचायच्या वाटा, लिहून घ्या, मग 'आयोस्टॅट -एक्सटी 5' लावा. पहिला रिपोर्ट मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, तो सोडून द्या. 'आर-अवेट' आणि 'डब्ल्यू-अवेट' (वाचायला आणि लिहायला लागलेला सरासरी वेळ) पाथनिहाय बघा. एकाच गटातल्या पाथपैकी एकच मागे पडत असेल तर केबल, पोर्ट किंवा एसएफपीवर (पोर्टमधल्या ऑप्टिकल मॉड्यूलवर) संशय घ्या. सगळेच सारखे मागे असतील तर स्टोरेज किंवा होस्टची रांग. 'युटिल' (डिस्क किती वेळ कामात होती) 100 टक्के दिसलं म्हणून घाबरू नका. मागे अनेक डिस्क समांतर काम करत असताना त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

रांग की बाहेरचा उशीर, हे 'ब्लकट्रेस' (कमांडचा प्रत्येक टप्पा टिपणारा प्रोग्रॅम) सांगतो. त्याच पाथवर 30 सेकंद चालवा, पण आउटपुट दुसऱ्या डिस्कवर टाका, नाहीतर ट्रेसचं स्वतःचं लिखाणच मोजलं जाईल. त्या ट्रेसचा हिशेब मांडणाऱ्या 'बीटीटी'च्या अहवालात डी-टू-सी म्हणजे कमांड ड्रायव्हरकडे गेल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा वेळ. क्यू-टू-सीमधला (रांगेत आल्यापासूनच्या एकूण वेळेतला) बहुतेक वेळ तिथेच जात असेल तर आता स्विचकडे वळा.

सरासरी मात्र फसवते. 60,000 कमांडपैकी एकच 30 सेकंद अडकली तर सरासरी जेमतेम अर्धा मिलिसेकंद वाढते, तेवढ्यात डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन लटकलेलं असतं. लिनक्सच्या डिस्क ड्रायव्हरचा डिफॉल्ट टाइमआउट 30 सेकंदांचाच आहे. क्लास 3 मध्ये (फायबर चॅनेलच्या पोचपावती न देणाऱ्या सेवेत) हरवलेली फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, नेटवर्क पुन्हा पाठवत नाही. कमांडची किंवा रिस्पॉन्सची फ्रेम गेली तर होस्ट टाइमआउटपर्यंत थांबून राहतो. म्हणून 30 सेकंदांच्या आसपासचे झटके दिसले की 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) अबॉर्ट, म्हणजे रद्द केलेल्या कमांड, शोधा.

स्विचवरचे जुने आकडे कामाचे नाहीत. 'स्टॅट्सक्लिअर' करून काउंटर शून्य करा, तासाभराने 'पोर्टएररशो' बघा. 'सीआरसी जी-ईओएफ' (तपासणीत चुकलेल्या, पण शेवटची खूण शाबूत असलेल्या फ्रेम) वाढत असेल तर बिघाड त्याच पोर्टच्या लिंकवर आहे. नुसताच 'सीआरसी' वाढत असेल तर फ्रेम आधीच खराब होऊन आली आहे, मागच्या स्विचवर जा. आधी कनेक्टर साफ करा, मग केबल, मग एसएफपी, आणि दर वेळी काउंटर पुन्हा शून्य करा. तिन्ही एकदम बदललं की दोषी कोण ते कधीच कळत नाही. 'एसएफपीशो'मधली आरएक्स पॉवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) त्याच जातीच्या शेजारच्या पोर्टशी ताडून बघा.

सीआरसी नाही, पण 'डिस्क सी3' (टाकून दिलेल्या क्लास 3 फ्रेमचा आकडा) वाढतोय? मग पलीकडचा होस्ट फ्रेम वेळेत उचलत नसावा. 'पोर्टस्टॅट्सशो'मधला 'टिम-टीएक्सक्रेड-झेड' (क्रेडिट, म्हणजे फ्रेम पाठवायची परवानगी, नसताना गेलेला वेळ) 2.5 मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने चढतो: 4 लाख म्हणजे एक सेकंद. मिनिटभरात तो 40 लाखांनी वाढला, तर दहा सेकंद त्या पोर्टकडे पाठवायला क्रेडिटच नव्हतं. असा एक आळशी होस्ट आयएसएलवरून (दोन स्विच जोडणाऱ्या लिंकवरून) जाणाऱ्या बाकीच्यांनाही अडवतो, त्यामुळे तक्रार भलत्याच सर्व्हरकडून येते.

स्टोरेजकडून 'टास्क सेट फुल' (रांग भरली, असं उत्तर) येत असेल तर गुणाकार करा. 16 होस्ट, प्रत्येकी 10 लन, क्यू डेप्थ (एका लनकडे एका वेळी पाठवायच्या कमांड) 32: एकदम 5,120 कमांड येऊ शकतात. पोर्टची मर्यादा 2,048 असेल तर डेप्थ कमी करा किंवा होस्ट जास्त पोर्टवर वाटा.

भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांसाठी एक गोष्ट: गुरुवारी सुट्टी असेल तर केबलची कामं तेव्हाच उरका, पण त्या दिवशीचे आकडे 'नेहमीचे' म्हणून जपून ठेवू नका. भारच नसतो. तुलनेसाठी बुधवारची शिफ्ट बदलण्याची वेळ घ्या.

व्हेंडरकडे केस टाकताना यूटीसी वेळ, होस्ट आणि स्टोरेज दोन्हीकडचे डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचे ओळख क्रमांक), लनचा क्रमांक आणि काउंटर कधी शून्य केले ती वेळ द्या.